रात्रीच्या पाळीसाठी टॉर्च घेताना: उजेड किती, टिकणार किती

थंडी पडली की पिकाला पाणी द्यायच्या रात्रीच्या पाळ्या सुरू होतात. दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, निघताना फावडं, गमबूट, कानटोपी आणि बॅटरी. शिवारात टॉर्चला बॅटरीच म्हणतात, पण विकत घेताना नेमका त्या नावाचाच विसर पडतो. झोत किती लांब जातो ते सगळे बघतात, आतला सेल कोणी बघत नाही.

मीही असाच एक टॉर्च घेतला होता. खोक्यावर भला मोठा आकडा, आणि अंगणातून मारला की लांबच्या झाडाचा शेंडा उजळायचा. पहिल्याच पाळीला पहाटे तीनच्या सुमारास, शेवटच्या चार सऱ्या राहिलेल्या असताना, तो तीनदा लुकलुकला आणि विझला. वरंबा कुठे फुटलाय ते पाण्याच्या आवाजावरून शोधावं लागलं. तेव्हापासून मी टॉर्च उलट्या बाजूने निवडतो: आधी त्याचा मंद उजेड रात्रभर पुरतो का ते बघतो, मग मोठ्या झोताचं.

खोक्यावरचे आकडे खोटेच असतात असं नाही, पण ते नीट वाचावे लागतात. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो पसरट आहे की एका रेषेत, हे कँडेलावरून, म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या उजेडाच्या तीव्रतेवरून, कळतं. झोताचं अंतर ठरवण्याची रूढ पद्धत अशी की समोरच्या वस्तूवर पडणारा उजेड 0.25 लक्सपर्यंत (लक्स हे त्याचं माप) खाली येतो तिथे अंतर संपलं असं धरतात. 0.25 लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. तेवढ्यात काहीतरी हललं हे दिसेल. ते कुत्रं होतं की रानडुक्कर हे नाही कळणार. म्हणून लिहिलेल्या अंतराच्या निम्मंच आपलं समजा. 2,500 कँडेलाच्या टॉर्चवर 100 मीटर लिहितात, 10,000 कँडेलाच्या टॉर्चवर 200. अंतर दुप्पट करायला कँडेला चौपट लागतात.

डोळ्यांचंही असंच आहे. उजेड दुप्पट वाटायला हवा असेल तर ल्युमेन जवळपास चौपट करावे लागतात, आणि सेलमधून वीजही त्याच मानाने जाते. हेच उलटं केलं तर फायदा आपला. 400 वरून 100 ल्युमेनवर उतरलात तर डोळ्यांना निम्माच फरक जाणवेल, पण सेल चौपट किंवा त्याहून जास्त वेळ चालेल.

‘रनटाइम’ या शब्दाला मात्र बरेच जण फसतात. प्रचलित मोजणीत सुरुवातीच्या उजेडाचा फक्त 10 टक्के उरेपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे ‘1000 ल्युमेन, 4 तास’ लिहिलेला टॉर्च चार तास हजार ल्युमेन देत नाही. सर्वात वरचा टप्पा बहुतेक टॉर्चमध्ये काही मिनिटंच टिकतो. डोकं तापलं की टॉर्च आपण होऊनच उजेड कमी करतो. यात बिघाड काही नाही. पण तो आकडा धरून रात्रीचा हिशेब मांडू नये.

हिशेब असा मांडा. बऱ्याच चांगल्या टॉर्चमध्ये 18650 नावाचा लिथियम सेल असतो, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब. त्याची क्षमता 3000 एमएएच (मिलिअँपिअर-तास) आणि व्होल्टेज 3.6, म्हणजे 10.8 वॅट-तास. एका वॅटला सरासरी 100 ल्युमेन धरले तर हाताशी हजारेक ल्युमेन-तास आले. सेल जुना होतो, गारठतो, म्हणून 800 च धरा. आता आठ तासांची पाळी घ्या. बांधावरून चालायला आणि पाटाकडे नजर ठेवायला 30 ल्युमेन पुरतात. पाच तासांचे 150 झाले. दारं मोडताना, सरी बघताना 150 ल्युमेन दोन तास, म्हणजे 300. लांबवर नजर टाकायला 800 ल्युमेन, सगळं मिळून दहा मिनिटं, की आणखी 133. बेरीज 583. एका सेलवर पाळी निघते आणि थोडं शिल्लक राहतं. हाच टॉर्च 800 वर लावून ठेवला तर तासाभरात खेळ खलास.

यावरून टॉर्च कसा हवा ते आपोआप ठरतं. वरचा आकडा हजाराच्या आसपास असला तरी पुष्कळ झालं. मात्र 20 ते 40 ल्युमेनचा खरा मंद टप्पा त्यात असलाच पाहिजे, आणि दाबल्यावर आधी तोच लागला पाहिजे. दरवेळी मोठ्या झोतापासून सुरू होणारा टॉर्च सेल तर खातोच, शिवाय डोळे दिपवतो. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. एकदा दिपले की ती सगळी मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

सेलवर 9900 एमएएच लिहिलेलं दिसलं तर सरळ परत ठेवा. 18650 च्या मापात साडेतीन हजारांच्या आसपासच वीज मावते. हातात घेऊन वजन बघा. चांगला सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, फारच हलका लागला तर शंका घ्या. मोठ्या मुठीच्या जुन्या पद्धतीच्या टॉर्चमध्ये शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने तशीच ठेवली की मरते. असा टॉर्च असेल तर काम नसतानाही अधूनमधून चार्जिंगला लावत जा.

थंडीत सेल तात्पुरती कमी वीज देतो. पहाटेच्या आधी गारठा सर्वात जास्त आणि सेल सर्वात उतरलेला, दोन्ही एकाच वेळी; म्हणून मोठा झोत नेमका तेव्हाच पेटत नाही. टॉर्च वापरात नसताना स्वेटरच्या आत ठेवा, ऊब मिळाली की बरीच ताकद परत येते. साधे अल्कलाइन सेल गारठ्यात जास्त बसतात, आणि टॉर्चमध्ये विसरले की पाझरून स्प्रिंग खातात. तापमान शून्याखाली गेलं असेल तर लिथियम सेल चार्जिंगला लावू नका. घरात आणून कोमट होऊ द्या.

डोक्याला लावायचा टॉर्च घ्यावा का? मोटरच्या स्टार्टरशी किंवा पाइपच्या जोडाशी काम असेल तर जरूर, दोन्ही हात मोकळे राहतात. पण फक्त त्याच्या भरवशावर चालू नका. उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच निघाला की सावल्या वस्तूंमागे लपतात आणि जमीन सपाट दिसते. हातातला टॉर्च गुडघ्याजवळ धरून आडवा मारा: ढेकळामागे सावली पडते, उंदराचं बीळ काळं उठून दिसतं, ओलं कुठवर गेलंय त्याची कड चकाकते. पानाखाली बसलेली अळीही अशाच तिरक्या उजेडात सापडते. धुक्यात तर डोक्यावरचा मोठा झोत मुळीच नको. थेंबांवरून उजेड परत डोळ्यांत येतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी उजेड कमी करायचा आणि टॉर्च कमरेखाली धरायचा.

रंगही बघा. निळसर पांढरा उजेड लांबून प्रखर वाटतो, पण त्यात माती, वाळका पाला आणि मातकट रंगाचा साप वेगळे ओळखू येत नाहीत. 4000 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा किंचित पिवळट उजेड निवडा. आकड्यात थोडा कमी भरेल, पण दिसेल जास्त. किडेही त्यावर कमी झेपावतात.

टॉर्च पाणी किती सोसतो ते खोक्यावरच्या ‘आयपीएक्स’ आकड्यावरून कळतं. किमान आयपीएक्स4 चालेल, म्हणजे शिंतोडे सोसतो. पाटात पडायची धास्ती असेल तर आयपीएक्स7 घ्या. तो एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो.

पहिल्या पाळीच्या आधी घरीच एक परीक्षा घ्या. पूर्ण चार्ज करून मधल्या टप्प्यावर भिंतीकडे तोंड करून लावून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने बघत जा. भिंतीवरचा कागद वाचता येईनासा झाला की ती वेळ लिहून ठेवा. तुमच्या टॉर्चचा खरा रनटाइम तो.

आणि मोबाइलचा टॉर्च धरू नका. अडचणीत घरी फोन करायला तोच लागणार आहे. त्यापेक्षा एक जादा सेल जवळ ठेवा, मात्र प्लास्टिकच्या डबीत. किल्ल्या आणि सुट्या नाण्यांबरोबर उघडा सेल खिशात टाकला तर टोकं जोडली जाऊन तो खिशातच तापतो.