स्वतःच्या अभंगावर कॉपीराइट क्लेम? आधी मिनिट-सेकंद बघा

शब्द तुकोबांचे, चाल माझी, गळाही माझा; तरी यूट्यूबवर टाकल्या टाकल्या एका म्युझिक कंपनीचा कंटेंट आयडी (यूट्यूबची जुळणारा आवाज आपोआप ओळखणारी यंत्रणा) क्लेम, जाहिरातींचे पैसे तिकडे. व्हिडिओ काढून पुन्हा टाकला, पट्टी अर्ध्या सुराने चढवली. क्लेम परत हजर. डोकं फिरायची वेळ आली.

सुटलं ते असं. यूट्यूब स्टुडिओत 'कंटेंट' उघडा, व्हिडिओच्या ओळीतल्या 'कॉपीराइट'वरून तपशिलात जा. जुळलेला भाग सेकंदासकट दिसतो. माझ्याकडे तो फक्त गाण्याआधीचा तानपुरा निघाला. विकत घेतलेला लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार ध्वनिमुद्रित तुकडा. दुसऱ्या कुणीतरी तोच वापरून आपलं गाणं कंटेंट आयडीत नोंदवलेलं. म्हणजे 'तुकोबांवर कुणाची मालकी?' हा मुद्दा इथे गैरलागू, क्लेम ध्वनिमुद्रणावर होता.

मग लूपची पावती आणि परवान्याचं पान सेव्ह केलं. क्लेमसमोर 'डिस्प्यूट' (म्हणजे हरकत) निवडलं, कारण 'परवाना'. मजकुरात एवढंच: लूपचं नाव, खरेदीची तारीख, जुळलेले सेकंद, आणि हा लूप कुणा एकालाच दिलेला नाही हे सांगणारं परवान्यातलं वाक्य. रडगाणं नको.

क्लेमपासून 5 दिवसांत डिस्प्यूट केलं तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवले जातात. कंपनीला उत्तराला 30 दिवस. माझा क्लेम त्याआधीच सुटला. कंपनीने डिस्प्यूट फेटाळलं तर अपील, त्यावर उत्तराला कंपनीला 7 दिवस. पण अपिलानंतर कंपनी व्हिडिओ उतरवायला लावू शकते, मग चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट भंगाचा ठपका. कागद कच्चे असतील तर स्टुडिओतल्या एडिटरमध्ये तेवढा तानपुरा कापून टाका, क्लेम तसाही निघतो.