तान्ह्या पोळ्याचा नंदी: रंगातलं शिसं कसं तपासावं

लाकडी नंदीला दर पोळ्याला नवा रंग चढतो, पण शिसं असलंच तर बहुधा खालच्या जुन्या थरांत. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग संशयितच धरा.

पोटाखाली, दिसणार नाही तिथं, ब्लेडनं लाकडापर्यंत तिरपी चीर द्या. सगळे थर उघडे पडले पाहिजेत. शिसं तपासायची काडी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ओली करून अर्धा मिनिट चिरेवर घासा. पिवळट टोक गुलाबी-लाल झालं की शिसं आहे.

लाल रंगावर हमखास फसगत होते, कारण रंगच काडीला लागतो. म्हणून आधी साध्या पाण्यात भिजवलेला कापूस घासून पाहा. आणि काडी बदलली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ९० पीपीएमइतकं कमी शिसं तिला कळत नाही. पक्कं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं.

पॉलिशपेपर मारून रंग काढायचा मोह टाळा. तीच भुकटी रांगत्या लेकराच्या हातातून तोंडात जाते. चिरेजवळची धूळ ओल्या फडक्यानं पुसा, झाडू नका. पोपडे चघळणाऱ्या लेकराची रक्ततपासणी शिरेतल्या रक्तावर करून घ्या. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळू शकतं.