रिमॅपनंतर पूर्ण बूस्टवर इंजिन अडखळणे: माझा अनुभव
ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप केल्यापासून, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवल्यापासून, माझी १.८ लिटरची टर्बो पेट्रोल गाडी ४,००० आरपीएमच्या पुढे पूर्ण थ्रॉटलवर अडखळत असे. कमी बूस्टवर (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब कमी असताना) मात्र काहीच तक्रार नव्हती. कॉइल (स्पार्क प्लगला व्होल्टेज देणारा भाग) आणि फ्युएल फिल्टर बदलण्यात दोन महिने व्यर्थ गेले. दोष स्पार्क प्लगच्या गॅपमध्ये (दोन इलेक्ट्रोडमधल्या अंतरात) होता, कारण बूस्टमुळे सिलिंडरमधला दाब वाढला की त्याच गॅपमध्ये ठिणगी पडायला अधिक व्होल्टेज लागते आणि ते कमी पडले की ठिणगी चुकते. इंजिन थंड झाल्यावर कॉइल काढल्या, प्लगभोवतीचा कचरा हवेने उडवला (हे आधीच करावे, नाहीतर तो थेट सिलिंडरमध्ये पडतो), मग प्लग काढून, मधल्या इलेक्ट्रोडला धक्का न लावता फक्त बाहेरची पट्टी वाकवून, फीलर गेजने (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप ०.८ वरून ०.६ मिमी केला. प्लग आधी हाताने फिरवून बसवले, नंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळले. आता ईसीयूच्या लॉगमध्ये (नोंदीत) मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन न पेटणे, शून्य दिसतो.