भंगारातून गावाचं कलाघर: आधी सामान, मग नकाशा

चित्रं काढायला, नाटकाची तालीम करायला, मुलांना मातीकाम शिकवायला गावात हक्काची जागा हवी आहे आणि नवं बांधकाम परवडत नाही. अशा वेळी जुन्या सामानातून कलाघर उभं राहू शकतं. फक्त नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. एरवी नकाशा आधी होतो आणि सामान मागून येतं. इथे सामान डोळ्यांसमोर पडल्याशिवाय नकाशाला हात लावायचा नाही.

जागेचा कागद

पडीक जागेचा मालक म्हणतो, "बांधा खुशाल, मला काय करायचंय तिचं?" एवढ्या बोलण्यावर एक वीटही रचू नका. पुढे वाटण्या होतात, जागा विकली जाते आणि अडचणीत तुम्ही येता. निदान दहा वर्षांचा लेखी करार हवा. मुदत संपल्यावर दारं-खिडक्या-पत्रे कोण नेणार हेही त्यात लिहून घ्या. बांधकामाची परवानगी वेगळी, तीही आधीच घ्या.

चंदीगडमध्ये रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी 1957 पासून सरकारी जागेत, गुपचूप, पाडलेल्या गावांमधल्या फुटक्या कपबश्या, बांगड्या नि दगड जमवून रॉक गार्डन उभी केली. ती पाडली न जाता 1976 मध्ये लोकांसाठी खुली झाली. गोष्ट म्हणून हे फार छान आहे, बेत म्हणून नाही.

जागा ठरवण्याआधी मोठा पाऊस होऊन गेल्यावर तिथे एक चक्कर मारा. पाणी कुठे तुंबतं आणि सामानाची गाडी कुठपर्यंत येते, हे त्या एका चकरेत कळतं. मग बांधकाम सुरू होण्याआधी दोन-तीन महिने तिथेच ताडपत्रीखाली प्रत्यक्ष काम चालू द्या. नाटकवाल्यांना मोकळी जमीन लागते, चित्रकारांना भिंत आणि स्थिर उजेड, मातीकामवाल्यांना पाणी. आणि मातीची धूळ बाकी दोघांनाही नको असते. हे वाद ताडपत्रीखाली झालेले बरे.

जमवाजमव

सगळ्यात चांगला माल पाडकामात मिळतो, पण वेळेवर गेलात तर. घरावर जेसीबी चालला की चौकटींचा चुरा होतो. म्हणून पाडकामाच्या ठेकेदाराला आधीच गाठा आणि दारं-खिडक्या चौकटीसकट, बिजागऱ्यांसकट उतरवून घ्या. नुसतं दार आणलं तर चौकट नवी करावी लागते आणि बचत तिथेच संपते. बंद पडलेली गोदामं, गोठे, शाळांचे मोडके बाक, गाड्यांचं भंगार हे बाकीचे झरे.

लाकडातले खिळे आणल्या दिवशीच उपटा. 'नंतर काढू' म्हटलेले खिळे कुणाच्या तरी पायात जातात, नाहीतर सुताराच्या करवतीचे दात घालवतात. लाकूड विटांवर, जमिनीपासून उचलून, लांबीप्रमाणे रचा आणि वरून झाका. बाजू मात्र उघड्या ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. प्रत्येक वस्तूची मापं आणि नग वहीत लिहा. फुकट मिळतंय म्हणून सगळं घेत सुटू नका. कुठे वापरणार हे सांगता येत नसेल तर ती वस्तू तुमच्या आवारातही भंगारच राहणार.

काय घ्यायचं, काय नाही

इथे घाई नको. माझा नियम सोपा आहे: मोडल्यावर नुसतं वाईट दिसेल अशा ठिकाणी जुनं बिनधास्त वापरा, मोडल्यावर माणूस दुखावेल अशा ठिकाणी जाणकाराने तपासलेलं किंवा सरळ नवं.

वीट हातात घेऊन दुसऱ्या विटेवर आपटा. खणखणीत वाजली तर ठेवा, बद्द आवाज आला तर वाटेच्या भरावात टाका. शंका असेल तर कोरडी वीट तोला, 24 तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. वजन एक पंचमांशाहून जास्त वाढलं तर ती भिंतीत नको. चुन्यातल्या विटा साफ करणं सोपं असतं: वीट आडवी धरून जुन्या थापीने सांध्याच्या कडेला तिरका घाव घातला की चुना खपलीसारखा सुटतो. सिमेंट मात्र विटेचा पापुद्रा घेऊनच निघतं. त्या विटांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

वासा किंवा तुळई पाहताना टोकं आधी तपासा. भिंतीत गाडलेलं टोक ओल धरतं आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. स्क्रूड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर तेवढा भाग कापा. मधे ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवीने आतून खाल्लेलं आहे, मग ते बाकासाठीसुद्धा नको. वाकवून सरळ केलेली सळई भार घेणाऱ्या काँक्रीटमध्ये घालू नका.

काचेत फरक ओळखा. गाडीची पुढची काच दोन थरांत मधे पातळ पडदा घालून केलेली असते, म्हणून तडकली तरी बहुतेक तुकडे जागीच राहतात. घरातल्या साध्या जुन्या काचेच्या मात्र धारदार सुऱ्या होतात. ती मुलांच्या उंचीला लावू नका.

काही गोष्टी फुकट दिल्या तरी दारातूनच परत पाठवा. जुने सिमेंटचे पत्रे, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि कापताना-भोकं पाडताना त्याचे तंतू छातीत जातात. क्रिओसोट (डांबरापासून काढलेलं विषारी तेल) मुरवलेले रेल्वेचे लाकडी स्लीपर. कीटकनाशकांचे आणि रसायनांचे पिंप. बंद पिंपाला गॅसकटर लावला तर आतल्या वाफेचा स्फोट होतो. जुन्या दारांवरच्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासायचं नाही. पाणी मारून, मास्क लावून, मुलांना लांब ठेवून घासा आणि निघालेला चोथा गोळा करून बांधून ठेवा.

आता नकाशा

चौकटी जमिनीवर मांडा, तुळया लांबीप्रमाणे शेजारी ठेवा. खोलीची रुंदी आता तुमच्या हातात नाही, तुळईच्या हातात आहे. 12 फुटांच्या धड तुळया असतील आणि दोन्ही भिंतींवर सहा-सहा इंच टेकण धरलं, तर आतून 11 फूट. बाहेर उघडणारी दोन दारं, समोरासमोर, हवीतच. उत्तर गोलार्धात चित्रांसाठी उत्तरेची खिडकी मोठी ठेवा. तिथून थेट ऊन सगळ्यात कमी येतं.

सामानातून रूप कसं निघतं याचा नमुना अमेरिकेत अलाबामामध्ये आहे. सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी 1993 मध्ये ऑबर्न विद्यापीठात रूरल स्टुडिओ सुरू केला. त्याच्या विद्यार्थ्यांनी 2000 साली मेसन्स बेंड या वस्तीत समाजघर बांधलं. भिंती ठोकलेल्या मातीच्या, आणि वर भंगारातल्या गाड्यांच्या काचा माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक. काचा हाती आल्या नसत्या तर तसं छप्पर कुणी कागदावर काढलं असतं असं मला वाटत नाही.

काढलेला नकाशा अभियंत्याला दाखवा. ही फी वाचवू नका.

उभारणी

पैसा तीन ठिकाणी ओता: पाया, छप्पर आणि वीज. जोत्याच्या पोटात फुटकं काँक्रीट आणि विटांचे तुकडे ठासून चालतात, पण जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट वर हवं.

जुन्या पन्हळी पत्र्याला जुनी भोकं असतात आणि ती आज ना उद्या गळतातच. असे पत्रे भिंतींना लावा, छपराला नवे आणा. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वायसर घालून. खोलगट भागात मारला तर पाणी नेमकं तिथूनच उतरतं. वाऱ्याने हलकं छप्पर खाली दाबलं जात नाही, वर उचललं जातं. म्हणून पत्रा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला अशी सलग बांधणी हवी. पत्र्याखाली चटयांचं किंवा बांबूचं छत नसेल तर पावसात तालीम विसरा.

बाटल्यांची भिंत देखणी दिसते, पण तिच्यावर छताचा भार नको. दोन खांबांमधली भर म्हणूनच ती घाला. बाटल्या धुऊन, पूर्ण वाळवून, तोंड बंद करून रचा. टायर वापरायचे तर माती ठासून भरा आणि वरून गिलावा करा, नाहीतर त्यात पाणी साचून डास होतात. वायरी, बटणं, फ्यूज सगळं नवं.

मोरीच्या नळीखाली गाळ बसायला बादली ठेवा. माती आणि प्लास्टर थेट गेलं तर नळी तुंबलीच. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी ढीग करून ठेवली तर आपोआप पेटू शकतात. त्यांना घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा द्या.

किल्ली

किल्ली एकाकडेच असेल तर तो परगावी गेला की कलाघर बंद. तिघांकडे द्या, वेगवेगळ्या वाड्यांतल्या, आणि त्यातली एखादी बाई असू द्या. 1996 मध्ये नेकचंद परदेशात असताना त्यांच्या बागेची मोडतोड झाली होती. एका माणसाच्या जिवावर चाललेल्या जागेचं असं होऊ शकतं.

पावसाळ्याआधी वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून छपराचे स्क्रू आवळायचे, पन्हाळी साफ करायच्या, लाकडाच्या टोकांना पुन्हा स्क्रूड्रायव्हर टोचून पाहायचा. उरलेल्या पत्र्यांचे आणि काचांचे दोन-चार नग बाजूला जपून ठेवा. त्याच मापाचा जुना माल पुन्हा मिळेलच असं नाही.