वीज गेली की वाजणारा चोरीचा अलार्म

आईच्या मोबाईलमध्ये, चार्जिंगला लावलेल्या फोनची पिन कुणी उपसली की चोरीचा इशारा देणारं अ‍ॅप आहे. लाईट गेली की मध्यरात्रीही ते सायरन वाजवायचं आणि आई दचकून उठायची. चार्जरमधून वीज येणं थांबलं, एवढंच फोनला कळतं. पिन कुणी उपसली की लाईट गेली, हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून घरी तो अलार्म बंदच केला. स्टेशनवर किंवा दवाखान्यात फोन चार्जिंगला लावला, तरच चालू करायचा. हलवल्यावर वाजणाऱ्या अलार्मची संवेदनशीलता कमी केली, तेव्हापासून एसटीत तो उगाच वाजत नाही.

माझा खरा भरवसा मात्र अँड्रॉइडच्या थेफ्ट डिटेक्शन लॉकवर आहे. फोन हिसकावून कुणी पळतंय असं जाणवलं की स्क्रीन आपोआप लॉक होते. अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनसाठी ते आहे. सेटिंग्जमध्ये गूगलखाली बघा.