गिटार ॲम्प टेस्ट करायला घरच्या घरी डमी लोड

ट्यूब ॲम्प असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, लोड न लावता तो कधीच वाजवायचा नाही. लोड म्हणजे स्पीकर, आणि डमी लोड म्हणजे टेस्ट करताना स्पीकरच्या जागी लावायचे रेझिस्टर. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लोड मिळाला नाही की प्रायमरीवर, म्हणजे त्याच्या ट्यूबकडच्या वेटोळ्यावर, व्होल्टेज बेफाम चढतं आणि ट्यूबच्या सॉकेटवर ठिणग्या पडतात नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जातं, आणि ॲम्पमधला सगळ्यात महागडा पार्ट बहुतेक वेळा तोच असतो. ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्पचं बरोब्बर उलटं, त्याला लोड नसला तरी शक्यतो चालतं पण शॉर्ट झालं की तो गेला. म्हणून डमी लोड बनवताना सगळा जीव एकाच गोष्टीत ओतायचा, कनेक्शन मधेच सुटता कामा नये.

रेझिस्टर घ्यायचे ते वायरवाउंड (आत तार गुंडाळलेले), सोनेरी ॲल्युमिनियम बॉडीचे, स्क्रूने बसवता येतात ते. १०० वॅटचा एकच घेण्यापेक्षा ८ ओहम ५० वॅटचे चार घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. दोन सिरीजमध्ये जोडले की १६ ओहम, अशा दोन जोड्या पॅरललमध्ये टाकल्या की परत ८ ओहम, आणि एकूण क्षमता २०० वॅट. खरा फायदा मात्र वेगळाच आहे, यातला एखादा रेझिस्टर उडाला तरी १६ ओहमचा लोड शिल्लक राहतो, एकच रेझिस्टर असता तर ॲम्प थेट लोडशिवाय राहिला असता.

आता वॅटचा हिशोब. ५० वॅटचा ॲम्प फुल ओव्हरड्राइव्हला नेला की वेव्ह चौकोनी व्हायला लागते आणि पॉवर ५० च्या बरीच वर जाते, म्हणून लोड निदान दुप्पट क्षमतेचा हवाच. आणि रेझिस्टरवर छापलेला ५० वॅटचा आकडा हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) घट्ट बसवल्यावरचा असतो बरं का, नुसता हवेत लटकवला तर त्याच्या निम्माही धरू नका. जाडजूड, उभ्या पट्ट्यांचा (फिनवाला) हीटसिंक घ्या, भोकं पाडल्यावर कडा नीट घासून सपाट करा, रेझिस्टरखाली थर्मल पेस्टचा पातळ थर द्या आणि मग स्क्रू आवळा. डबा घेतलात तर वर खाली भोकं हवीत, खाली पाय हवेत, आणि चालू असताना कापडावर नाहीतर गादीवर ठेवायचा नाही, चटका बसेल इतका तापतो.

वायर १ ते १.५ स्क्वेअर एमएमची पुरते. टोक आधी रेझिस्टरच्या कानातून ओवून पिळून घ्या आणि मग सोल्डर करा, नुसत्या सोल्डरच्या भरवशावर राहिलात तर गरम झाल्यावर जोड ढिला पडू शकतो. जॅक प्लॅस्टिक बॉडीचा घ्या म्हणजे मेटलच्या डब्याला टेकणार नाही, कारण काही ट्रान्झिस्टर ॲम्पच्या आउटपुटचं कुठलंच टोक ग्राउंडवर नसतं, दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. तिथे स्कोपचं (ऑसिलोस्कोप, वेव्हचा आकार दाखवणारं यंत्र) ग्राउंड क्लिप लावलं तर सरळ शॉर्ट. आणि सेफ्टी म्हणून लोडच्या लाइनमध्ये फ्यूज टाकायचा मोह होईल, तो टाळा, फ्यूज उडाला म्हणजे लोडच गेला.

ॲम्पला लावण्याआधी मल्टिमीटर ओहमवर ठेवून जॅकवर रीडिंग घ्या. आधी प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा, ८ च्या आसपास आलं पाहिजे, मग वायर हलवून बघा, आकडा नाचला तर जोड परत करा. ॲम्पचा स्पीकरचे ओहम निवडायचा सिलेक्टरही ८ ओहमवरच हवा, आणि केबल स्पीकरचीच, गिटारची पातळ केबल इथे चालत नाही.

पॉवर मोजायची तर साइन वेव्ह द्या, स्कोपवर टोकं कापली जायला लागायच्या जरा आधी थांबा, व्होल्टचा वर्ग भागिले ८. २० व्होल्ट आरएमएस (एसीचं परिणामी व्होल्टेज) आले म्हणजे ५० वॅट. साधा मल्टिमीटर वापरणार असाल तर ४०० हर्ट्झचा टोन ठेवा, स्वस्त मीटर त्याच्या वर गंडू शकतात, आणि वेव्ह क्लिप झाली, म्हणजे टोकं कापली गेली, की त्यांचा आकडा बरोबर येत नाही.

रेकॉर्डिंगला मात्र हाच लोड वापरून स्पीकरसारखा टोन मिळेल अशी अपेक्षा नको, कारण खऱ्या स्पीकरचा इम्पीडन्स (एसीला होणारा विरोध, ओहममध्ये) खाली रेझोनन्सला, म्हणजे स्पीकर स्वतःहून जास्त थरथरतो त्या फ्रिक्वेन्सीला, आणि वर हाय फ्रिक्वेन्सीला चढतो, रेझिस्टर सगळीकडे ८ च राहतो. टेस्टिंगला आपल्याला नेमकं तेच हवं असतं.