कॅनडाची फेडरल (केंद्रीय) निवडणूक: जाहीरनामे, डिबेट आणि पोल कसे वाचावेत

निवडणूक जाहीर झाली की बहुतेक जण आधी पोल उघडतात, मग डिबेटच्या क्लिप बघतात, आणि जाहीरनामा वाचायचा राहूनच जातो. हा क्रम उलटा आहे. आधी आपला मतदारसंघ, मग कोणतं वचन कोणाच्या अधिकारातलं आहे, मग पैशांचा तक्ता, त्यानंतर डिबेट आणि सगळ्यात शेवटी पोल, असं गेलं तर पाच-सहा संध्याकाळींत चित्र स्पष्ट होतं. खाली २०२५ ची निवडणूक नमुना म्हणून घेतली आहे आणि विषय ऊर्जेचा. जाहीरनामा, डिबेट आणि पोल या तिन्ही ठिकाणी सर्वाधिक गोंधळ याच विषयात होतो.

पायरी १: आपण कुठे उभे आहोत ते बघा

मत फक्त कॅनडाच्या नागरिकाला, वय १८ पूर्ण असेल तर. पीआर, म्हणजे कायमस्वरूपी रहिवासी, असलेल्यांना मत नाही. घराच्या पत्त्यावर चुकून मतदार माहितीपत्र आलं तरीही नाही, आणि अशा वेळी मत देणं गुन्हा ठरतो. पीआरवाले एखाद्या उमेदवाराच्या प्रचारात काम करू शकतात आणि कायद्याच्या मर्यादेत देणगीही देऊ शकतात. मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, कॅल्गरीच्या अनेक मराठी घरांत एक जण नागरिक आणि एक जण पीआर असतो, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

मग इलेक्शन्स कॅनडा या निवडणूक यंत्रणेच्या संकेतस्थळावर पोस्टल कोड टाकून आपला मतदारसंघ, म्हणजे इथल्या बोलीत रायडिंग, काढा. मागच्या वेळचं नाव गृहीत धरू नका. २०२५ मध्ये जागा ३३८ वरून ३४३ झाल्या आणि कित्येक सीमा बदलल्या. मतपत्रिकेवर पंतप्रधानांचं नाव नसतं. स्थानिक उमेदवार आणि त्याचा पक्ष एवढंच असतं. म्हणून देशभराचा आकडा बघण्याआधी आपल्या रायडिंगमध्ये मागच्या वेळी पहिले तीन कोण होते आणि किती मतांनी, हे वहीत लिहून ठेवा.

पायरी २: तारखा मांडा

२०२५ ची निवडणूक २३ मार्चला जाहीर झाली आणि मतदान २८ एप्रिलला झालं. मध्ये अवघे ३६ दिवस. त्यातल्या या तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा: फ्रेंच डिबेट १६ एप्रिल, इंग्रजी डिबेट १७ एप्रिल, आगाऊ मतदान १८ ते २१ एप्रिल, लिबरल पक्षाचा खर्चासकट जाहीरनामा १९ एप्रिल, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा २२ एप्रिल.

म्हणजे आगाऊ मतदान संपल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रमुख विरोधी पक्षाचे पूर्ण हिशेब बाहेर आले. तोवर सुमारे ७३ लाख लोकांनी, म्हणजे एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाने, मत देऊन टाकलं होतं. दोन्ही मोठे पक्ष डिबेटला उभे राहिले तेव्हा कोणाचाच पूर्ण तक्ता लोकांसमोर नव्हता. ही गोष्ट मतदाराच्या हिताची नाही, आणि ती बदलावी यासाठी पक्षांवर दबाव यायला हवा. तोपर्यंत उपाय एकच: मनातला निर्णय खर्चाच्या आकड्यांवर अवलंबून असेल तर ईस्टरच्या सुट्टीची सोय बाजूला ठेवा आणि मतदानाच्या दिवशीच जा.

पायरी ३: ऊर्जेचं प्रत्येक वचन चाळणीतून काढा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. एका पानावर चार रकाने आखा: वचन काय, अधिकार कोणाचा, ते कायद्याने होणार, नियमाने की पैशाने, आणि ते प्रत्यक्ष करणार कोण.

अधिकाराचा रकाना आपल्याकडच्या सवयीमुळे फसतो. भारतात तेल म्हटलं की केंद्र सरकार आणि ओएनजीसी डोळ्यासमोर येतात. कॅनडात जमिनीखालचं तेल आणि वायू यांवर मुख्यतः प्रांताची मालकी असते, आणि १९८२ साली राज्यघटनेत जोडलेल्या ९२अ कलमाने त्यांच्या विकासाचा अधिकार प्रांतांकडे ठेवला आहे. वीजनिर्मितीही मुळात प्रांताकडेच. हायड्रो-केबेक ही केबेक सरकारची कंपनी आहे. प्रांताची सीमा ओलांडणारी पाइपलाइन मात्र फेडरल अखत्यारीत येते. म्हणून ‘अल्बर्टाचं उत्पादन वाढवू’ आणि ‘अल्बर्टातून किनाऱ्यापर्यंत नळ टाकू’ ही दोन वचनं वेगवेगळ्या ओळींत लिहा.

तिसरा रकाना कार्बन करावर तपासून बघा. ग्राहकांवरचा फेडरल कार्बन दर एप्रिल २०२४ पासून टनाला ८० डॉलर होता, म्हणजे पेट्रोलवर लिटरमागे १७.६ सेंट. ५० लिटरची टाकी भरली की ८ डॉलर ८० सेंट. त्याच्या बदल्यात दर तिमाहीला परतावा मिळत असे. लिबरल पक्षाचे मार्क कार्नी यांनी १४ मार्चला पंतप्रधानपदाची शपथ घेतली त्याच दिवशी हा दर काढण्याच्या निर्णयावर सही केली आणि १ एप्रिलपासून तो शून्यावर आला. हे नियमातून झालं, मूळ कायदा तसाच राहिला. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पिएर पॉलिएव्ह यांचं म्हणणं होतं की कायदाच रद्द करू आणि उद्योगांवरचा कार्बन दरही काढू. लिबरल पक्ष उद्योगांवरचा दर ठेवणार होता. प्रचारात दोन्हीकडून ‘कार्बन टॅक्स’ हाच शब्द वापरला जात होता, पण त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तेव्हा हा शब्द आला की लगेच विचारा: पंपावरचा की कारखान्यावरचा? आणि कोणत्या प्रांतात? कारण ग्राहकांवरची फेडरल आकारणी ब्रिटिश कोलंबिया आणि केबेकमध्ये लागूच नव्हती, त्यांची स्वतःची पद्धत होती.

याच चाळणीतून बाकीची वचनं काढा. सी-६९ म्हणून ओळखला जाणारा प्रकल्प-परीक्षणाचा कायदा आणि ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर मोठ्या तेलवाहू जहाजांना बंदी घालणारा सी-४८ हे दोन्ही २०१९ चे कायदे आहेत. ते रद्द करायचे तर संसदेत मतं लागतात. अल्पमताचं सरकार आलं तर दुसऱ्या पक्षाच्या मदतीशिवाय ते होणार नाही. तेल-वायू उद्योगाच्या उत्सर्जनावरची कमाल मर्यादा त्या वेळी मसुदा नियमाच्या रूपात होती. ती मंत्रिमंडळालाच सोडून देता आली असती. पहिल्या प्रकारच्या वचनाला वर्ष लागू शकतं, दुसऱ्याला एक बैठक पुरते.

चौथ्या रकान्यात बहुतेक वचनं अडकतात. ‘पाइपलाइन बांधू’ म्हणणारा पक्ष ती बांधत नाही. कंपनी बांधते, आणि कंपनी पुढे आली नाही तर परवानगी कितीही लवकर द्या, काही होत नाही. एनर्जी ईस्ट प्रकल्प कंपनीने ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडून दिला. नॉर्दर्न गेटवेची मंजुरी जून २०१६ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने रद्द केली, कारण मूळनिवासी समुदायांशी पुरेशी चर्चा झाली नव्हती. ट्रान्स माउंटन तेलवाहिनीच्या विस्ताराची मंजुरीही ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच न्यायालयात कोसळली. ती वाहिनी सरकारने ४५० कोटी डॉलरला विकत घेतली. मे २०२४ मध्ये विस्तार सुरू झाला तेव्हा क्षमता दिवसाला ३ लाखांवरून ८ लाख ९० हजार बॅरल झाली होती आणि बांधकामाचा खर्च सुमारे ३,४०० कोटींवर गेला होता. म्हणून मंजुरीची मुदत दोन वर्षं की एक, हा वाद ऐकताना तीन प्रश्न बाजूला लिहून ठेवा: अर्जदार कंपनी कोण, कोणत्या मूळनिवासी समुदायांच्या भूमीतून जाणार, आणि वाटेतल्या प्रांताचा सूर काय. केबेकमध्ये हा तिसरा प्रश्नच निर्णायक असतो. ब्लॉक केबेकवा हा फक्त केबेकमध्ये लढणारा पक्ष प्रांतातून जाणाऱ्या नव्या तेलवाहिनीच्या विरोधात ठाम उभा होता.

पायरी ४: पैशांचा तक्ता

जाहीरनामा पीडीएफ स्वरूपात असतो. खर्चाचा तक्ता बहुधा शेवटी. आधी तोच उघडा. संसदेचा अर्थसंकल्प अधिकारी निवडणुकीत पक्षांच्या विनंतीवरून एकेका प्रस्तावाचा खर्च काढून देतो, २०१९ पासून ही सोय आहे. पण तो पूर्ण जाहीरनामा तपासत नाही. पक्ष जे पाठवेल तेवढंच. तेव्हा कोणत्या ओळीमागे त्याचा अंदाज आहे आणि कोणती ओळ पक्षाने स्वतः भरली आहे, ते पेन्सिलीने खुणावून घ्या.

नंतर उत्पन्नाच्या आणि बचतीच्या ओळी वाचा. चूक तिथेच लपते. २०२५ मध्ये लिबरल तक्त्यात सरकारी कामकाजाची उत्पादकता वाढवून होणारी मोठी बचत धरली होती, पण ती नेमकी कुठून येणार याची फोड नव्हती. कॉन्झर्व्हेटिव्ह तक्त्यात प्रकल्प-परीक्षणाचा कायदा आणि तत्सम बंधनं काढल्यावर अर्थव्यवस्था वाढेल आणि त्यातून महसूल येईल, असा हिशेब आधीच उत्पन्नात मांडला होता. अशा ओळी बाजूला काढा आणि तूट पुन्हा मोजा. लिबरल तक्त्यात चालू खर्च आणि भांडवली खर्च वेगळे दाखवले होते. अशा वेळी दोन पक्षांची तुलना एकूण तुटीवरच करा, नाहीतर आंब्याची बरोबरी फणसाशी होते.

पायरी ५: डिबेट

दोन्ही डिबेट माँट्रियालमध्ये, प्रत्येकी साधारण दोन तास. इंग्रजीतल्या डिबेटमध्ये ऊर्जा आणि हवामान हा स्वतंत्र विभाग होता. वेळ कमी असेल तर तेवढाच पूर्ण बघा, क्लिप नाही. व्यासपीठावर कार्नी, पॉलिएव्ह, न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे (एनडीपी) जगमीत सिंग आणि ब्लॉक केबेकवाचे इव्ह-फ्रांस्वा ब्लांशे होते. ग्रीन पक्षाचं आमंत्रण फ्रेंच डिबेटच्या सकाळी मागे घेतलं गेलं, कारण ९० टक्के मतदारसंघांत उमेदवार देण्याची अट पूर्ण होत नव्हती.

बघताना पायरी ३ चं पान समोर ठेवा. नेता बोलला की ते वाक्य चारपैकी कोणत्या रकान्यात बसतं एवढंच बघा. कशातच बसत नसेल तर ते घोषवाक्य आहे, सोडून द्या. फ्रेंच डिबेट भाषांतरासह नक्की ऐका: पाइपलाइनबद्दल नेता केबेकच्या प्रेक्षकांना काय सांगतो आणि कॅल्गरीच्या सभेत काय, हे ताडून बघितल्याशिवाय त्याची भूमिका कळत नाही.

पायरी ६: पोल, आता

प्रत्येक पोलखालचा बारीक मजकूर वाचा. कायद्याने पोल पहिल्यांदा प्रसिद्ध करताना कोणी करवला, कोणी केला, कधी केला, किती जणांना विचारलं, लागू असेल तर त्रुटीची मर्यादा आणि प्रश्नाचे शब्द द्यावे लागतात. तारीख सगळ्यात आधी बघा: डिबेटनंतरच्या सकाळी छापलेला पोल डिबेटच्या आधीचा असू शकतो.

मर्यादा स्वतः काढता येते: ९८ ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागा. १,००० जणांचा पोल म्हणजे ३.१ टक्के वर किंवा खाली, ‘२० पैकी १९ वेळा’. दोन पक्षांमधल्या अंतराची मर्यादा याच्या जवळजवळ दुप्पट असते, म्हणून २ टक्क्यांची आघाडी ही बरोबरीच समजा. त्याच पोलमध्ये अटलांटिक प्रांतांतले जेमतेम ७० जण असतात. तिथे मर्यादा १२ टक्क्यांच्या आसपास जाते. ‘अटलांटिकमध्ये ८ टक्क्यांची उसळी’ अशी बातमी एका पोलवर उभी असेल तर तिला काही अर्थ नाही. ऑनलाइन पॅनेलच्या पोलला तर काटेकोर अर्थाने ही मर्यादा लागूच होत नाही, कारण तिथे नमुना यादृच्छिक नसतो. फक्त तुलनेसाठी आकडा दिलेला असतो. नॅनोस या पोल संस्थेचा रोजचा आकडा तीन दिवसांची फिरती सरासरी असतो, त्यामुळे आजचा आणि कालचा आकडा दोन वेगळे पोल म्हणून मोजू नका.

कल बघायचा तर एकाच संस्थेचे लागोपाठचे पोल बघा, किंवा ३३८कॅनडा या संकेतस्थळासारखी अनेक पोलची सरासरी. दोन संस्थांचे आकडे एकापुढे एक ठेवून ‘बदल’ काढणं ही नेहमीची चूक.

टक्के आणि जागा यांचा संबंध सरळ नाही. २०२१ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ११९ जागा मिळाल्या, लिबरल पक्षाला ३२.६ टक्के आणि १६०. कॉन्झर्व्हेटिव्ह मतांचे ढीग अल्बर्टा-सस्कॅचेवानमध्ये साठले होते. ओंटारिओच्या १२२ आणि केबेकच्या ७८ मिळून २०० जागा होतात, म्हणून त्या दोन प्रांतांचे आकडे वेगळे वाचा. जानेवारी २०२५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष २० हून जास्त टक्क्यांनी पुढे होता. एप्रिलच्या शेवटी लिबरल ४३.८, कॉन्झर्व्हेटिव्ह ४१.३. जानेवारीचे पोल चुकले नव्हते. मधल्या काळात जस्टिन ट्रुडो पंतप्रधानपदावरून गेले, अमेरिकेच्या आयातकराचं संकट आलं आणि एनडीपीची मतं सरकली.

पायरी ७: मत आणि मोजणी

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. टपालाने मत देणार असाल तर लिफाफ्यावरचा परतीचा पत्ता आणि पोस्टल कोड स्वतः तपासा, आणि लवकर पाठवा.

रात्री बहुमताचा आकडा १७२ लक्षात ठेवा. लिबरल १६९ वर थांबले, कॉन्झर्व्हेटिव्ह १४४, ब्लॉक २२, एनडीपी ७, ग्रीन १. म्हणजे पायरी ३ मधली ‘कायद्याने’ होणारी प्रत्येक ओळ आता दुसऱ्या कोणाच्या तरी मतांवर अवलंबून होती. ते पान काढून त्या ओळींपुढे कोणता पक्ष साथ देईल हे लिहा. अंतर एकूण वैध मतांच्या हजाराव्या हिश्शाहून कमी असेल तर न्यायालयीन पुनर्मोजणी आपोआप होते. केबेकच्या टेरबॉन मतदारसंघात रात्री लिबरल पुढे होते, पडताळणीत ब्लॉक ४४ मतांनी पुढे गेला, पुनर्मोजणीत लिबरल १ मताने जिंकले, आणि चुकीच्या पोस्टल कोडमुळे परत आलेल्या एका टपाली मतावरून वाद कोर्टात गेला. अशा मतदारसंघांच्या जागा पुनर्मोजणी होईपर्यंत कोणाच्याच खात्यात धरू नका.